करप्ट फाइल आणि परबकाकींची मांडणी

परबकाकींच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नवऱ्याने काढून ठेवलेली सगळी चित्रं मी पुसली. एका बटणाने. बटणावर 'येस' लिहिलं होतं आणि त्याच्या वरच्या ओळीत कॉम्प्युटरने अगदी सभ्यपणे विचारलं होतं, की वापरणाऱ्याने स्वतः बनवलेलं सामानही काढून टाकायचं का? मी ती ओळ वाचली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं मी हाच धंदा करतोय आणि तितकीच वर्षं लोकांना सांगत आलोय, की बाबांनो, दाबण्याआधी वाचा.

धंदा म्हणजे घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा. घाटकोपर पश्चिमेला एका बिल्डिंगच्या जिन्याखाली माझा गाळा होता. गाळा म्हणजे जिना बांधून झाल्यावर खाली उरलेली तिरकी जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून कोणीही आलं तरी मी बसूनच 'या' म्हणायचो. पहिली दोन वर्षं अख्ख्या बिल्डिंगचं मत होतं, की हा सतीश फार शेफारलेला आहे.

त्या काळात कॉम्प्युटर ही घरातली नवी सून होती. तिला आधी बाहेरून सजवायचे, क्रोशाचं कव्हर, कोपऱ्यात गणपतीचा स्टिकर. मग आतून सजवायची हौस. त्यासाठी एक वेगळं सॉफ्टवेअर यायचं. ते टाकलं की पडद्यावरची कंपनीने दिलेली हिरवी टेकडी जायची आणि तिथे आपल्याला हवं ते यायचं. खिडक्यांच्या चौकटी लाकडी, घड्याळ लोलकाचं, फाइलींच्या पिवळ्या पाकिटांच्या जागी पेटारे, कॉम्प्युटर सुरू झाला की कोकिळा. या सगळ्या साजाला थीम म्हणतात. मी 'पाचशे थीम' अशी एक सीडीच बनवली होती आणि कॉम्प्युटर दुरुस्त केला की वर ती देऊन यायचो. म्हणजे रोग मीच वाटायचो आणि मग औषधाला मलाच बोलवायचे.

रोग एकच. एक दिवस पडद्यावर चौकोन यायचा, 'थीम फाइल करप्ट आहे, उघडता येत नाही', आणि सगळा साज उतरून टेकडी परत.

मुलुंडच्या एका हेडक्लार्कांनी माउसच्या बाणामागे धावणारी मांजर लावली होती. करप्टचा चौकोन आला आणि मांजर गेली. त्यांचा फोन घरातलं खरं मांजर हरवल्यासारखा होता. "काल संध्याकाळपर्यंत होती हो. मी चहाला उठलो, येऊन बघतो तर नाही." जाऊन पाहिलं तर अँटिव्हायरसने तिला संशयित म्हणून पकडून कोंडून ठेवलं होतं. सोडवली. त्यांच्या बायको आतून म्हणाल्या, "आता तिला जरा ओट्याखाली पण पाठवा, झुरळं झालीयत."

अंधेरीला एका नवविवाहित जोडप्याकडे थीम बिघडली म्हणून मी जुनी कॉपी शोधून, मोठ्या अभिमानाने परत बसवली. त्यात आपोआप बदलत जाणारे फोटो होते. तिसऱ्या फोटोत नवरदेव तेच होते, शेजारची मुलगी वेगळी होती. खांद्यावर हात वगैरे. चहाचं आधण ठेवलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. चहा आला नाही.

आता हे करप्ट म्हणजे काय, ते सांगतो. लग्नात रुखवत मांडतात ना, तसं समजा. लाडू, साखरेचे देखावे, लोकरीचे ससे, सगळं खोक्यांत भरलेलं असतं आणि वर मावशीबाईंनी लिहिलेली एक चिठ्ठी असते, कोणती वस्तू कुठे ठेवायची त्याची. थीम फाइल अशीच. चित्रं, आवाज आणि एक चिठ्ठी. ती चिठ्ठी भिजली किंवा अर्धी फाटली, की मांडणारा माणूस हात वर करतो आणि म्हणतो, रुखवत खराब आलंय. खरं तर लाडू शाबूत असतात, ससे शाबूत असतात. दहातल्या नऊ वेळा फक्त चिठ्ठी गेलेली असते. ती शांतपणे नव्याने लिहिली की झालं. पण त्याला वेळ लागतो. त्यापेक्षा सगळं सॉफ्टवेअर उपटून परत टाकणं सोपं. घाईतला कारागीर तेच करतो. मी त्याला नावं ठेवायचो.

चिठ्ठी फाटायची कारणं ठरलेली. ती लिहिली जात असताना वीज गेली, कोणी पेन ड्राइव्ह हिसकून काढला. आणि आमच्याकडचं खास कारण म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, ही जुनी रीत. आणि ज्या घरात कोयता-करवत राहिली नाही, तिथे आता कॉम्प्युटर हेच हत्यार. दसऱ्यानंतरचा आठवडा मी नुसता धावत असायचो. कीबोर्डच्या फटींत कुंकू. सीडीच्या खणात अक्षता. घाटकोपरच्या एका आजोबांनी पंख्याच्या जाळीवर झेंडूचं फूल खोचलं होतं, ते आत जाऊन त्याची चटणी झाली होती.

आता तो आठवडा माझा रिकामा जातो. कॉम्प्युटर ऑफिसने दिलेला असतो, वॉलपेपरही ऑफिसचाच, आणि तो बदलायला बंदी. फोन सगळ्यांचे सारखेच. पूर्वी कोणाच्याही घरी जाऊन पडदा उघडला की माणूस दिसायचा. शिस्तीचा हेडक्लार्क मांजर पाळतो, हे त्याच्या ऑफिसात कोणाला माहीत होतं? मला माहीत होतं. त्या ओळखीची मला सवय लागली होती. गाळा मी दोन वर्षांपूर्वी सोडला. तिथे आता फोनची कव्हरं विकतात. विकणारा मुलगा बुटका आहे, त्याचं डोकं आपटत नाही.

तर परबकाका.

ते विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमला ड्राफ्ट्समन होते. म्हणजे यंत्राच्या भागांची नकाशेवजा चित्रं काढायची, केसाएवढी चूक चालायची नाही. मूळचे मालवणकडचे. बोलायचे इतके कमी, की फोनवर 'हॅलो' म्हणून थांबले की आपणच ओळखायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, माझ्याकडून तो बसवून घेतला आणि माझी 'पाचशे थीम' पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. वाघ, धबधबे, मोटारी. मग म्हणाले, "ह्यात आपलं चित्र घालता येतं काय?"

"येतं ना काका. फोटो घालायचा का?"

"फोटो नको. काढलेलं."

त्यांची अडचण अशी होती, की काकी कॉम्प्युटरला हात लावायच्या नाहीत. मराठी वाचता यायचं, इंग्रजीचं एक अक्षर नाही, आणि ती पिवळी पाकिटं बघून त्या म्हणायच्या, "सगळी सारखीच. कोणात काय भरलंय, डब्याला वास तरी येतो." एकुलती एक मुलगी सुषमा मस्कतला नर्स. फोनमध्ये तिचं तोंड काकींना पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसायचं आणि बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडायचं. म्हणून काकांनी कॉम्प्युटरचा अख्खा पडदा म्हणजे काकींची स्वयंपाकघरातली मांडणी करायचं ठरवलं. भांड्यांची तीच लोखंडी मांडणी, आणि तिच्यावर एकेक भांडं. भांड्यावर टिचकी मारली की हवं ते उघडणार. मिसळणाच्या डब्यात फोटो. सात वाट्या, सात आल्बम. हळदीत लग्नाचे, मोहरीत सुषमाच्या लहानपणचे. रेडिओत भजनं. केरसुणी म्हणजे नको ते टाकायची जागा. आणि कळशीवर टिचकी मारली की थेट सुषमाला व्हिडिओ कॉल. कळशी का, तर चाळीत असताना नळावरून पाणी आणायला सुषमा आईबरोबर जायची, तिच्यासाठी एक छोटी पितळेची कळशी घेतली होती. ती कळशी आता नाही. काकांनी ती आठवून काढली.

माउसने चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखं आहे. त्यात हे चित्र बारीक चौकोनांचं, एकेक चौकोन रंगवत जायचं. वर्षभर ते पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या गाळ्यात यायचे, वाकून आत शिरायचे आणि नवं भांडं दाखवायचे. मी काय करावं? मी हसायचो. "काका, लोक वाघ लावतात हो, तुम्ही झारा लावताय." ते म्हणायचे, "झाऱ्याची भोकं मोज." मोजली. घरच्या झाऱ्याला होती तितकीच असणार, मला शंका नाही.

सगळं पुरं झाल्यावर त्यांनी एक सीडी मला दिली. "तुझ्याकडे ठेव एक. कधी लागली तर." मी ठेवली. म्हणजे मला वाटत होतं, की ठेवली.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात काका गेले. घरात वर्षभर सण नव्हता. त्यामुळे मागच्या वर्षीची खंडेनवमी ही काकींनी एकटीने केलेली पहिली. दसऱ्याला सकाळीच फोन. "सतीश, माझी मांडणी गेली रे. डोंगर आलाय."

गेलो. विक्रोळी पूर्वेला त्यांची वन रूम किचन, खिडकीतून खाडीकडची तिवरं दिसतात. कॉम्प्युटरवर हळदकुंकू, माउसला झेंडू, शेजारी काकांचं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं ते टूलरूमचं हत्यार, पुसून ठेवलेलं. पडद्यावर हिरवी टेकडी आणि करप्टचा चौकोन.

"काल काय केलंत, काकी?"

"काय करणार? पूजा केली. ह्यांच्यासारखीच. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही म्हणून निजवला त्याला."

"निजवला म्हणजे?"

त्यांनी भिंतीवरच्या खटक्याकडे बोट दाखवलं. काका आधी नीट बंद करायचे, मग खटका. काकींनी नुसता खटकाच पाहिला होता. म्हणजे चिठ्ठी लिहिली जात असतानाच वीज गेली. चिठ्ठी फाटली. अर्ध्या तासाचं काम.

एवढ्यात काकींनी घावणे आणले. गरम, जाळीदार, सोबत खोबऱ्याची चटणी. मी डाव्या हातात घावणा आणि उजव्या हातात माउस, आणि तोंडाने मुलुंडच्या मांजरीची गोष्ट. काकी हसत होत्या. कोणी हसायला लागलं की मला काही दिसत नाही. चिठ्ठी नीट करायला दोन्ही हात लागले असते, म्हणून मी म्हटलं, सरळ उपटून परत टाकू. उपटताना त्याने ती सभ्य ओळ विचारली. मी मांजरीला सोडवण्यापर्यंत आलो होतो. 'येस'.

कळलं ते लगेच. आणि तेव्हा जे करायला नको तेच मी केलं. घाबरून सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, जणू ते आलं की मागोमाग चित्रंही येतील. हे किती मूर्खपणाचं, ते सांगतो. कॉम्प्युटरमधली फाइल पुसली म्हणजे खोलीतलं सामान काढलं असं नसतं. फक्त दारावरची पाटी काढलेली असते. नवा भाडेकरू येईपर्यंत जुन्याचं सामान आत तसंच पडून असतं, काढून आणता येतं. मी काय केलं, तर पाट्या काढल्या आणि लगेच नवे भाडेकरू नेऊन बसवले.

"आली का रे मांडणी?" काकींनी विचारलं.

"काकी, फाइल करप्ट झालीय."

आमच्या धंद्यात हा शब्द फार सोयीचा आहे. आमची सगळी पापं त्याच्याखाली झाकली जातात. गिऱ्हाईक पुढे विचारत नाही. काकींनी विचारलं.

"म्हणजे माझ्या खटक्याने?"

मी म्हटलं, "असा खटका बंद केला की होतं हो कधी कधी."

खोटं अर्धं खरं असलं की बोलताना जीभ अडखळत नाही. उरलेला घावणा माझ्याने गेला नाही, पण काकींना वाटलं मी आवरतं घेतोय म्हणून त्यांनी अजून एक वाढला. तोही खाल्ला.

कॉम्प्युटरची डिस्क काढून घेऊन मी घरी आलो आणि काकांनी दिलेली सीडी शोधायला लागलो. गाळ्याचं सामान खोक्यांत होतं. सगळी खोकी उपसली. नीता, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधतोयस?"

"सीडी. परबकाकांची. वर पेनने 'मांडणी' लिहिलंय."

ती गॅलरीत गेली. गाळा सोडला तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, हा सगळा कचरा आहे, कर काय करायचं ते. तिने त्या सीड्या दोऱ्यांत ओवून गॅलरीच्या ग्रिलला टांगल्या होत्या. चमकतात म्हणून कबुतरं येत नाहीत, असं सगळ्या सोसायटीचं मत आहे. चौथ्या दोरीवर परबकाका लटकत होते. उन्हाने पांढरे पडलेले, त्यावर कबुतराची शिट. चमक बघून जे कबूतर यायचं नव्हतं, ते नेमकं तिथेच येऊन बसलं होतं. मी सीडी कापसाने पुसली, पाण्याने धुतली, ड्राइव्हमध्ये घातली. तिच्यावरून सगळं पुसलं गेलं होतं.

"तूच म्हणालास कचरा," नीता म्हणाली. ते खरं होतं.

मग डिस्कवरून जे निघेल ते काढायला बसलो. ते सॉफ्टवेअर रिकाम्या खोल्या एकेक उघडून बघतं आणि जे दिसेल ते बाहेर आणून ठेवतं, पण नावं गेलेली असतात. सगळ्यांना नुसते नंबर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चित्रं यायला लागली. झारा आला. किसणी आली. मिसळणाचा डबा आला, सातही वाट्यांसकट. मी खुर्चीतून उठून नाचलो. आणि तेवढ्यात काकींचा फोन.

"सतीश, तू आता खटपट करू नको. सुषमाला सांगितलं मी, माझ्याच हातून गेलं म्हणून. वर्षभर काढली ह्यांनी ती चित्रं, आणि मी एका खटक्याने..." मग त्या मालवणीत गेल्या. मनाला लागलं की त्या जातात. "मी आता त्येका हात लावचंय नाय."

फोन ठेवला. काय करायला पाहिजे ते मला ठाऊक होतं, पण पायात चप्पल घालायला मला अर्धा तास लागला.

काकींनी कॉम्प्युटरवर जुनं लुगडं टाकलं होतं. काकांच्या वेळचं क्रोशाचं कव्हर नाही. लुगडं, पूर्ण, खालपर्यंत. मी उभ्या उभ्याच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा एखादी गोष्ट सुचली असती.

"काकी, तुमच्या खटक्याने फक्त चिठ्ठी फाटली होती. ती मी अर्ध्या तासात लिहून दिली असती. चित्रं मी पुसली."

"तू?"

"मी. खाता खाता. न वाचता."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात खरी मांडणी आहे आणि तिच्यावर खरं लाटणं आहे, हे मला माहीत होतं. त्या पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून तो स्वतः प्यायल्या.

"मग दोन दिवस माका कित्याक जाळलंस?"

मी पिशवीतून त्यांची डिस्क काढली; तिची कॉपी शोधासाठी घरी चालू होती.

"बरीच परत आलीयत," मी म्हटलं. "पण कोणतं कुठे होतं ती चिठ्ठी गेलीय. ते तुम्हालाच सांगावं लागेल. मला फक्त नंबर दिसतात."

त्यांनी लुगडं काढलं आणि घडी घातली.

पुढच्या तीन दुपारी मी जी नोकरी केली, तशी आयुष्यात केली नाही. काकी शेजारी स्टुलावर, चष्मा लावून. मी एकेक भांडं आणायचो आणि त्या सांगायच्या.

"किसणी डावीकडे. अजून. आता तिरकी कर."

"तिरकी कशाला? सरळ छान दिसते."

"आमची किसणी खिळ्यावर तिरकीच टांगलेली असते. ह्यांनी तशी काढली, तू शहाणा लागून गेलास?"

तिरकी केली. मग खालच्या फळीवर पातेली, मोठ्यापासून छोट्यापर्यंत. दुसऱ्या पातेल्याला एक पोचा होता, तो मी माझ्या सॉफ्टवेअरचा दोष समजून बुजवायला निघालो. "थांब, थांब. तो आपटलेला आहे. सुषमाच्या बारशाला." त्या डोळे मिटून सांगायच्या. पडद्यासमोर बसून पडद्याकडे न बघता. खिडकीतून तिवरांचा वास यायचा, खाली कोणीतरी भंगार विकत घेत ओरडत जायचं. मला वाटलं, काका असताना आपण इथे इतक्या वेळा आलो, वायर लावली, निघालो. या माणसाने एवढी वर्षं घरात काय काय पाहून ठेवलं होतं, ते आपण एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर एखादं वाक्य बोललेही असते.

एक चित्र उरलं. मांडणीच्या अगदी कडेला बसेल एवढं छोटं व्हर्नियर.

"हे कुठे होतं?"

"सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात. ते ह्यांचं."

"त्यात काय उघडायचं?"

"मी कधी दाबलं नाही. ह्यांचं होतं म्हटलं ना."

चिठ्ठी गेल्यामुळे आता ते कशाला जोडलेलं होतं ते कळायचा मार्ग नाही. डिस्कवर हजार फाइली आहेत, त्यातली कोणती, कोण सांगणार? मी तसं सांगितलं. काकी म्हणाल्या, "ठेव तिथेच." ठेवलं. दाबलं तर काही होत नाही.

आणि कळशी आली नाही. खरं म्हणजे आली, पण अर्धी. गळा आणि काठ व्यवस्थित, पितळेवर उजेडाची एक रेघ, आणि खाली सगळा करडा पट्टा. तिच्याच खोलीत मी नवा भाडेकरू बसवला होता. दोन दिवस मी काकींना म्हणत राहिलो, "येईल, येईल, अजून शोध चालू आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी घरी बसून मी ती स्वतः काढली. वरचा भाग काकांचा, पोट माझं. चार तास लागले. माउसने गोलाई येत नाही हो. एका बाजूला फुगते, ती दाबली की दुसऱ्या बाजूला. मग मी वरचा भागही थोडा ओढून खालच्याशी जुळवून घेतला, म्हणजे सांधा दिसणार नाही. मला ती जमल्यासारखी वाटली. काकांची आठवण झाली. 'काका, चित्र काय तुम्हीच काढता का' असंही मनात आलं, मी ते तुमच्यापासून लपवत नाही.

दुपारी गुपचूप ती जागेवर ठेवली, सुषमाच्या कॉलला जोडली आणि म्हटलं, "घ्या काकी. तुमची मांडणी. पुरी."

काकी पुढे झाल्या. वरच्या फळीपासून सुरुवात करून त्यांनी सगळं नजरेने मोजलं. कळशीपाशी थांबल्या. माउस हातात घेतला, तो त्या भाकरी उलटावी तसा दोन बोटांत धरतात, आणि कळशीवर टिचकी मारली. रिंग वाजली. पडदाभर सुषमा आली, युनिफॉर्ममध्ये, कानामागे पेन खोचलेलं.

"आई! लागला गो! मांडणी इली सगळी? बाबांची सगळी चित्रां इली?"

मी मागे उभा होतो. पोट आत घेतलं, केसांवरून हात फिरवला, आभाराला तयार झालो.

"सगळा इला गो," काकी म्हणाल्या. "एक कळशी तेवढी गेली. तिच्या जाग्यार ह्या मेल्यान टमरेल काडून ठेवल्यान."